शून्य ते दहाची फेरी : दीर्घकालीन वेदनेच्या एका गटाचं प्रकरण

हे प्रकरण एका गटाचं आहे आणि त्यातल्या एका बाईंचंही. कुणाची ओळख पटू नये म्हणून वय, काम आणि आजारांचे काही तपशील बदलले आहेत. गट दोघेजण चालवत होते : एक फिजिओथेरपिस्ट बाई आणि एक गृहस्थ, जे स्वतः अनेक वर्षं मानदुखीसोबत जगत आहेत आणि आधीच्या एका गटात सभासद होते. मी त्या खोलीत नव्हते. दर सत्रानंतर दोघं माझ्याशी बोलत, आणि काय करायचं यावर आमची चर्चा व्हायची.

पार्श्वभूमी

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला दीर्घकालीन वेदना म्हणतात. इतके दिवस टिकलेलं दुखणं बहुतेकदा एखाद्या गोळीने किंवा शस्त्रक्रियेने पूर्ण जात नाही. मग ते असताना काम, झोप, नाती कशी सांभाळायची हा प्रश्न उरतो, आणि दवाखान्यातल्या दहा मिनिटांत त्याला हात घालायला कुणाला वेळ नसतो. गट त्यासाठी असतो.

या गटाचा साचा जुना आहे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लॉरिग यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी असा कार्यक्रम सुरू केला. पुढे कॅनडातल्या परिचारिका-संशोधक सँड्रा लेफोर्ट यांनी तो दीर्घकालीन वेदनेसाठी बेतला. सहा आठवडे, आठवड्याला एकदा अडीच तास, दोन गटचालक आणि त्यांतला निदान एक स्वतः दुखणं भोगलेला. आपल्या गटाने हेच घेतलं. सुरुवातीला ११ जण होते : कंबरदुखीवाले निम्मे, बाकी फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा आजार), नागीण होऊन गेल्यावर राहिलेली आग, गुडघा बदलल्यानंतरही न थांबलेलं दुखणं.

गटाने काय आश्वासन द्यावं याबद्दल मी काटेकोर आहे. "दुखणं कमी होईल" असं म्हणायचं नाही. ब्रिटनमध्ये ७०३ जणांवर झालेली 'कोपर्स' नावाची चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन दिवसांचा गट-कार्यक्रम आणि नंतर एक छोटी बैठक, असं तिचं स्वरूप होतं. दुखण्यामुळे दैनंदिन कामात येणाऱ्या अडचणी वर्षभरानंतर मोजल्या, तेव्हा गटात गेलेल्यांत आणि न गेलेल्यांत फरक दिसला नाही. नैराश्य आणि लोकांत मिसळणं यांत मात्र थोडा फायदा दिसला. गट चालवणाऱ्याने हा निकाल माहीत ठेवून चालवावा. तो लपवला की तिसऱ्या आठवड्यात लोक "अजून दुखतंयच की" म्हणतात आणि ते खरंच असतं.

प्रत्येक सत्राची सुरुवात एका फेरीने होत असे. एकेकाने शून्य ते दहा या मापावर आजचं दुखणं किती ते सांगायचं आणि एक वाक्य जोडायचं. वेळ पंधरा मिनिटं. कुणी ठरवून आणलेली पद्धत नव्हती. दवाखान्यात सगळे हाच प्रश्न विचारतात, म्हणून इथेही आली.

श्रीमती अ.

वय अठ्ठेचाळीस, कार्यालयात बसून काम. सात वर्षं कंबरदुखी, मध्ये एक शस्त्रक्रिया, त्यानंतर सहा महिने बरं आणि मग पुन्हा तेच. गटाआधीच्या मुलाखतीत त्या म्हणाल्या, "सगळे म्हणतात रिपोर्टमध्ये काही नाही. मग मी काय नाटक करते का?" फिजिओथेरपिस्टने ते टिपून ठेवलं, आणि मुलाखत पुढच्या प्रश्नावर गेली.

दुसऱ्या सत्रात त्यांनी आपला एमआरआय आणला होता. त्यात दोन मणक्यांमधली चकती फुगल्याचं लिहिलेलं होतं. फिजिओथेरपिस्टने गटाला एक खरी आणि उपयोगाची गोष्ट सांगितली : ज्यांना पाठीचा काहीच त्रास नाही अशा माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आणि ६० टक्के लोकांच्या फुगलेल्या आढळल्या होत्या. म्हणजे चित्रात दिसतं तेवढ्यावरून घाबरून जायचं कारण नाही. खोलीतल्या बऱ्याच जणांना हायसं वाटलं. श्रीमती अ. यांनी फिल्म पाकिटात घातली आणि उरलेला वेळ बोलल्या नाहीत. सात वर्षांत हातात आलेला एकुलता एक पुरावाही गेला, असं त्यांना वाटलं. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं. त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही.

अडचण

पहिल्या सत्रात त्यांचा आकडा नऊ होता. दुसऱ्यातही नऊ. तिसऱ्यात दहा. एका वाक्याची जागा दहा मिनिटांच्या हकिकतीने घेतली. त्यांच्यानंतरच्या ताईंनी आपला सहा बदलून आठ केला. मग एकाने पट्ट्याचं नाव सुचवलं, दुसऱ्याने डॉक्टरचं. तिसऱ्याने नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या "सरळ बंद करा, मी केल्या" असा सल्ला दिला. तो गटचालकाला तिथल्या तिथे थांबवावा लागला, कारण या गोळ्या एकदम तोडायच्या नसतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करायच्या असतात. पंधरा मिनिटांची फेरी पाऊण तासावर गेली. त्या दिवशीचा मुख्य विषय, कामाचं प्रमाण ठरवणं (एका वेळी किती काम करून थांबायचं), शेवटच्या वीस मिनिटांत उरकला.

गुडघा बदललेले काका दुसऱ्या सत्राच्या फेरीत म्हणाले होते, "माझं आज चारच आहे, मी जास्त वेळ घेत नाही." पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. तिसऱ्या सत्राला खोलीत सातजणच होते.

इथे श्रीमती अ. यांना दोष देणं सोपं होतं आणि पहिल्या चर्चेत तसंच झालं. "त्या गट खातात," असं फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या. मला वाटतं, गट फेरीने खाल्ला. दुखणं दिसत नाही. ज्याच्यावर वर्षानुवर्षं कुणी विश्वास ठेवला नाही, त्याला आकडा विचारला की तो मोजमाप देत नाही, साक्ष देतो. आणि साक्ष दहा माणसांसमोर द्यायची असेल तर कमी आकडा सांगणं म्हणजे खटला हरणं. वेदनेकडे पुन्हा पुन्हा लक्ष वळवलं की ती तीव्र जाणवते, हा भाग वेगळाच.

या ठिकाणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डायस यांचं नाव निघालं. १९६० आणि ७० च्या दशकांत सिएटलला त्यांनी दाखवून दिलं की कण्हणं, लंगडणं, आडवं होणं या वागण्याला आजूबाजूचे जसा प्रतिसाद देतात, तसं ते वाढतं किंवा कमी होतं. त्याचा सरधोपट अर्थ लावून "दुर्लक्ष करा म्हणजे थांबेल" म्हणणारे लोक मी पाहिले आहेत. दुर्लक्षाने माणूस गप्प होतो, त्याचं दुखणं तसंच राहतं. फोर्डायस यांच्या कामातला आपल्या उपयोगाचा भाग दुसरा होता : लक्ष काढून घ्यायचं नाही, ते कशाकडे द्यायचं ते बदलायचं.

पुढे आलेले पर्याय

पहिला, श्रीमती अ. यांना गटातून काढून एकट्याने समुपदेशनासाठी पाठवायचं. बाकीच्यांना मोकळा श्वास मिळाला असता. पण ज्या बाईंना सगळीकडून "तुमचं इथे काही नाही" ऐकायला मिळालं, त्यांना गटानेही तेच सांगितलं असतं. शिवाय रोग फेरीत असेल, तर पुढच्या गटात दुसरं कुणीतरी त्यांच्या जागी येणार होतं.

दुसरा, घड्याळ लावायचं. प्रत्येकाला दोन मिनिटं, मग घंटा. फिजिओथेरपिस्टचा कल याकडे होता. सोपं, सगळ्यांना सारखं, उद्यापासून करता येण्यासारखं.

तिसरा, फेरी पूर्ण काढून टाकायची आणि सत्र थेट आठवड्याच्या आराखड्याने सुरू करायचं.

चौथा, काहीच बदलायचं नाही. हा पर्याय गृहस्थांनी मांडला आणि तो मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारा वाटला. ते म्हणाले, "मॅडम, माझं पूर्ण कुणी ऐकलं ते पहिल्यांदा गटातच. घरच्यांनी नाही, डॉक्टरांनी नाही. ते कापलं, तर गट आणि ओपीडी यांत फरक काय?"

दोघांचं त्या दिवशी एकमत झालं नाही. म्हणून निर्णय लांबवून आधी न आलेल्या चौघांना फोन करायचं ठरलं. हे काम खरं तर पहिल्या गैरहजेरीनंतरच व्हायला हवं होतं. दोघांची कारणं साधी होती : एकाच्या घरी आजारपण, एकाला इतका वेळ बसवत नव्हतं. तिसऱ्या ताई म्हणाल्या, "तिथून घरी आले की माझं जास्त दुखतं. सगळ्यांचं ऐकून." काकांनी आधी टाळाटाळ केली, मग म्हणाले, "एवढ्या लोकांत मी कमी आजारी, याचीच लाज वाटली."

त्या दोन उत्तरांनी चौथा पर्याय बाद झाला. घंटेचाही झाला, कारण घंटेने वेळ कमी झाला असता, चढाओढ तशीच राहिली असती. गृहस्थांचा मुद्दा मात्र उरलाच. ऐकून घेण्याला कुठेतरी जागा हवी होती.

काय केलं

तिसरा पर्याय घेतला, पण दोन दुरुस्त्या करून. आकडा बोलून दाखवायचा नाही, येताना एका चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचा. आणि दुखण्याबद्दल बोलण्यासाठी पाचव्या सत्राचा पहिला तास राखून ठेवायचा, तोही एका ठराविक कामासाठी : माझ्या दुखण्याबद्दल घरच्यांना, वरिष्ठांना, डॉक्टरांना मी काय आणि कसं सांगू. फेरीच्या जागी दोन प्रश्न आले. गेल्या आठवड्यात ठरवलेल्यातलं काय झालं? कुठे अडलं?

श्रीमती अ. यांच्याशी आधी एकट्याने बोलायचं ठरलं. कोण बोलणार यावर थोडा वेळ गेला. पद पाहता ते फिजिओथेरपिस्टचं काम होतं, पण एमआरआयचा प्रसंग त्यांच्याच तोंडून घडलेला. गृहस्थ बोलले. त्यांनी सांगितलेलं संभाषण थोडक्यात असं :

"ताई, उद्यापासून आकडा विचारणार नाही कुणालाच."

"माझ्यामुळे ना?"

"फेरी लांबत होती, हे खरं. पण मला एक सांगा, कधी सात असला तर तुम्ही सात म्हणाल का?"

बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सात म्हटलं तर तुम्ही म्हणाल बरी होतेय. आणि दुसऱ्या दिवशी परत नऊ झाला की खोटारडी."

"मला तुमचा नऊ पटलेला आहे. पुन्हा सिद्ध करायची गरज नाही."

या प्रकरणातली सर्वांत उपयोगी कृती कुठली असं कुणी विचारलं, तर मी या संभाषणाकडे बोट दाखवीन. फेरीच्या बदलाला अर्थ आला तो त्यामुळे.

चौथ्या सत्रात कामाचं प्रमाण हा विषय पुन्हा, या वेळी पूर्ण वेळ देऊन घेतला. श्रीमती अ. यांचं चक्र नेहमीचंच होतं : जरा बरा दिवस आला की दोन तास सलग बसून साठलेलं काम संपवायचं आणि मग दोन दिवस आडवं. त्यांनी आठवड्यातल्या पाच दिवसांची नोंद आणली होती. दुखणं वाढायच्या आत किती वेळ बसता आलं, तर १०, २५, १५, ३० आणि २० मिनिटं. सरासरी २०. सुरुवात सरासरीच्या ८० टक्क्यांपासून करायची अशी रूढ पद्धत आहे, म्हणजे १६ मिनिटं. गजर वाजला की उठायचं, दुखत नसलं तरी. आणि वाईट दिवशीही शक्यतो तेवढं बसायचं.

"सोळा मिनिटांत काय काम होतं?" त्या चिडल्या. शिवणकाम करणाऱ्या एका ताईंनी उत्तर दिलं, "दोन तासांत होतं ते दोन दिवसांत फिटतं ना पण." गटचालकाने हेच सांगितलं असतं तर वाद झाला असता. गटाचा उपयोग इथे दिसतो. थांबायचं कधी हे दुखण्याने ठरवायचं नाही, घड्याळाने ठरवायचं, हे तत्त्व समजायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, आणि ते पाळून पाहिलेल्या माणसाकडूनच पटतं.

लॉरिग यांच्या पद्धतीत आठवड्याचा आराखडा ठरवताना एक प्रश्न असतो : हे जमेल असा विश्वास शून्य ते दहापैकी किती? सातपेक्षा कमी असेल तर आराखडा छोटा करायचा. त्यामुळे शून्य ते दहा गटात राहिलंच. पण इथे कमी आकडा सांगणाऱ्याला कमीपणा नव्हता. त्याचं काम हलकं केलं जात होतं. श्रीमती अ. यांनी पाच सांगितला. दिवसातून सहा वेळांऐवजी तीन वेळा गजर लावायचा, असं ठरलं. मग त्या आठवर आल्या.

पाचव्या सत्रातली चिठ्ठी

बदलाची किंमत पाचव्या सत्रात कळली. सत्र संपल्यावर फिजिओथेरपिस्ट पेटीतल्या चिठ्ठ्या वाचत होत्या. श्रीमती अ. यांच्या चिठ्ठीवर आठचा आकडा होता आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : "तीन दिवस डावा पंजा चालताना घासतो."

हे नवीन होतं. कंबरदुखीच्या माणसाच्या पायात नव्याने अशक्तपणा येणं म्हणजे नसेवर दाब वाढला असल्याची शक्यता, आणि ते गटात सोडवायचं काम नाही. बाई अजून जिन्यातच होत्या. त्यांना परत बोलावून फिजिओथेरपिस्टने पंजा वर उचलून पाहायला सांगितलं आणि पुढचे प्रश्न विचारले. लघवी अडते का किंवा कळत नाही का? शौचाच्या जागेभोवती, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा? दोन्ही पायांत अशक्तपणा? यांतलं काही असतं तर कण्याच्या खालच्या टोकाच्या नसांच्या जुडग्यावर दाब आल्याची शंका घेऊन थेट तातडीच्या विभागात पाठवावं लागलं असतं, तिथे प्रश्न तासांचा असतो. तसं काही नव्हतं. पंजाची ताकद मात्र थोडी कमी होती. त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरांना फोन करून त्यांना पाठवलं. तपासण्या झाल्या, तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज निघाली नाही, डॉक्टरांनी देखरेख सुरू ठेवली आणि सहाव्या सत्राला त्या आल्या.

तुम्ही सत्रात का बोलला नाहीत, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "दुखण्याचं बोलायचं नाही असं ठरलंय ना." आणि वर : "तुम्हीच शिकवलंत, दुखलं म्हणजे इजा झाली असं नाही."

दोन्ही वाक्यं बरोबर होती. दीर्घकालीन वेदनेत दुखणं वाढणं हे बहुतेकदा नव्या इजेचं लक्षण नसतं, आणि ते कळल्याशिवाय माणूस हालचालीची भीती सोडत नाही. पण हा धडा नव्या लक्षणांना लागू नाही, हे त्याच दमात सांगावं लागतं. नवा अशक्तपणा, नवा बधिरपणा, कारण नसताना वजन उतरणं, ताप, पडल्यानंतरचं नवं दुखणं : यांना "उसळी" म्हणून सहन करायचं नाही. गटाने बोलकी फेरी काढली तेव्हा अशी बातमी कळण्याची एक वाटही बंद झाली, आणि पर्यायांचा विचार करताना आमच्यापैकी कुणीही हा मुद्दा मांडला नव्हता.

निष्पत्ती

सहाव्या सत्राला नऊजण होते. काका आणि सगळ्यांचं ऐकून जास्त दुखणाऱ्या ताई परत आल्या, बाकी दोघं आले नाहीत. श्रीमती अ. यांचा चिठ्ठीवरचा आकडा आठ-नऊच्या आसपासच राहिला. मायकल निकोलस यांची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली असते. दुखत असतानाही मी काय करू शकतो यावरचा विश्वास ती मोजते, गुण साठपैकी. त्यात त्या सुरुवातीला १८ वर होत्या, शेवटी २९ वर. तीन महिन्यांनंतरच्या भेटीत बसण्याची वेळ पस्तीस मिनिटांवर गेली होती. काही काम उभं राहून करण्याची सोय त्यांनी कार्यालयात मागून घेतली होती. मागायचं कसं याचा सराव पाचव्या सत्रात झाला होता. मध्ये एकदा दुखणं जोरात उसळलं आणि त्या चार दिवस घरी होत्या.

एवढ्यावरून गटामुळे फरक पडला असं म्हणणं धाडसाचं होईल. लोक गटात येतात ते बहुधा सर्वांत वाईट काळात, आणि त्यानंतर थोडं सावरणं तसंही होतं. डॉक्टरांची देखरेखही याच काळात वाढली होती.

वेगळं काय करता येईल

"मी नाटक करते का?" हे वाक्य मुलाखतीतच आलं होतं. तिथे पंधरा मिनिटं जास्त देऊन हकिकत पूर्ण ऐकली असती, तर ती गटात सिद्ध करायची निकड कमी झाली असती. आता मुलाखतीत एक प्रश्न वाढवला आहे : तुमच्या दुखण्याबद्दल लोकांना काय कळत नाही असं वाटतं? एमआरआयची आकडेवारी सांगायची पद्धतही बदलली. आधी "तुमचं दुखणं खरं आहे" आणि मग "चित्रावरून ते किती हे कळत नाही", याच क्रमाने.

चिठ्ठी ठेवली आहे, पण तिच्या माथ्यावर एक चौकट छापली : या आठवड्यात काही नवीन? खाली लक्षणांची नावं, फक्त खूण करायची. आणि चिठ्ठ्या सत्र सुरू होण्यापूर्वी वाचायच्या.

एक गोष्ट सुटली आणि तिच्यावर अजून उपाय सापडलेला नाही. गृहस्थ दर सत्रानंतर थकून जात. इतरांचं ऐकताना त्यांची मान जास्त दुखे, आणि हे त्यांनी गट संपल्यावर सांगितलं. स्वतः आजार भोगलेला गटचालक हे या पद्धतीचं बळ मानलं जातं. त्याची काळजी कोण घेतं हे मात्र वेळापत्रकात कुठेच लिहिलेलं नसतं. सत्रानंतरची आमची चर्चा सभासदांबद्दल व्हायची, त्यांच्याबद्दल नाही. सध्या एक गट चालवल्यावर ते पुढच्या गटाला सुट्टी घेतात, पण त्यामुळे प्रत्येक दुसऱ्या गटाला अनुभवी गटचालक मिळत नाही.

फेरीबद्दल त्या दोघांचं अजूनही जमलेलं नाही. तडजोड म्हणून पुढच्या गटात पहिल्या सत्रात एकदाच फेरी ठेवली आहे, आकड्याशिवाय, हवा तेवढा वेळ. फिजिओथेरपिस्टना ती लांब वाटते. गृहस्थांना एकदा पुरेशी वाटत नाही.